मदत हवी आहे : आजीच्या खानावळीची वही

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमची आजी गेली, ९३ वर्षांची होऊन. आजोबा लवकर गेले, पदरात चार पोरं. लालबागच्या चाळीत एका खोलीत तिने गिरणी कामगारांची खानावळ चालवली. प्रेमा पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठी १९७५ साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळालं आणि सावकार सुटला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. आजी मात्र त्यांना जेवण वाढतच राहिली. हातातल्या पाटल्या तेव्हाच गेल्या.

त्या दिवसांतली उधारीची वही आता माळ्यावर सापडली. लाल कापडी पुठ्ठा, तेलाचे डाग, प्रत्येक नावापुढे खाडे मांडलेले. कितीतरी नावांवर काट मारलेलीच नाही. त्यांच्याकडे तिने कधी पैसे मागितले नाहीत, हे आईला पक्कं आठवतं.

शाई उडत चालली आहे, काही पानं चिकटली आहेत. दुकानदार लॅमिनेशन करा म्हणतो, मला ते पटत नाही. मुंबईत जुने कागद नीट जपून देणारं कुणी माहीत आहे का? आणि तुमचे वडील, काका लालबागला खानावळीत जेवत असतील, तर त्यांना विचारून कळवाल का?