मदत हवी आहे: एकाच पिठाचे अफ्लाटॉक्सिनचे (बुरशीतून येणाऱ्या विषाचे) रिपोर्ट जुळत नाहीत

मक्याच्या पिठाचा एकच लॉट, दोन लॅब. एलायझा किटवर (प्रतिपिंड वापरणारी झटपट चाचणी) एकूण अफ्लाटॉक्सिन ३ पीपीबी (अब्जात ३ भाग), एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ११. युरोपची ४ ची मर्यादा लावली तर एक पास, एक नापास!

सॅम्पलिंगवर शंका येईल म्हणून आधीच सांगतो. अख्ख्या दाण्यात विष मोजक्याच दाण्यांत साचलेलं असतं, तिथे एवढा फरक पडू शकतो हे मान्य. पण इथे माल दळलेला आहे. वेगवेगळ्या पोत्यांतून थोडं थोडं घेऊन, नीट मिसळून, त्याच ढिगाचे दोन भाग सीलबंद पाठवले. दोन्ही लॅब आयएसओ १७०२५ (चाचणी लॅबच्या क्षमतेचं मानक) वाल्या आहेत, आणि मान्यतेच्या व्याप्तीत हीच चाचणी, हेच धान्य आहे.

रिकव्हरी (नमुन्यातल्या विषापैकी किती टक्के चाचणीत हाती लागतं) विचारली. एचपीएलसीवाल्यांनी आकडा दुरुस्त करून दिलाय. एलायझावाले म्हणतात, "किटमध्ये सगळं धरलेलं असतं." (हे उत्तर मला पटलेलं नाही.) अगदी ७० टक्के रिकव्हरी धरली तरी ३ चे साधारण ४.३ होतात, ११ नाही. मोजमापाची अनिश्चितता (आकडा किती मागेपुढे असू शकतो) दोघांनीही छापलेली नाही.

तिसरी चाचणी एकदाच परवडेल, बहुधा एलसी-एमएस/एमएस (रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणारी, जास्त नेमकी पद्धत). ती याच पिठावर करून घ्यावी, की ज्याचं प्रमाण आधीच प्रमाणित आहे असं संदर्भ पीठ नाव न सांगता दोन्ही लॅबना पाठवावं? आणि प्रोफिशियन्सी टेस्टचे (अनेक लॅबना एकच नमुना देऊन घेतलेल्या परीक्षेचे) झेड-स्कोअर (लॅबचा आकडा ठरलेल्या मूल्यापासून किती दूर गेला ते) मागितले तर ते याच पातळीचे, म्हणजे १० पीपीबीच्या आसपासचेच मागावे लागतील का?