कोहा वापरणाऱ्या ग्रंथालयांसाठी मदतीचे कोणते ऑनलाइन व्यासपीठ निवडावे?

ग्रंथपाल_सातारा

नमस्कार. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालये कोहा ही मुक्त स्रोत ग्रंथालय प्रणाली वापरतात. अडचण आली की आम्ही व्हॉट्सॲपच्या गटावर विचारतो आणि बहुतेक वेळा कोणी ना कोणी लगेच उत्तर देते. अडचण आहे ती त्या उत्तराचे पुढे काय होते याची. ‘नवीन पुस्तकांचे तालिकीकरण केले, पण ती ओपॅकमध्ये (वाचकांच्या ऑनलाइन सूचीत) दिसत नाहीत’ हा प्रश्न दर सत्राच्या आरंभी नव्याने येतो आणि झेब्रा या कोहाच्या शोधयंत्रणेची अनुक्रमणिका पुन्हा तयार करण्याची तीच आज्ञा कोणीतरी पुन्हा लिहून पाठवतो. मराठी शीर्षकांचा शोध नीट चालावा म्हणून झेब्रात आयसीयू (वेगवेगळ्या लिप्यांतील मजकूर हाताळणारी प्रणाली) कसे सुरू करायचे, याचे एका सहकाऱ्यांनी लिहिलेले उत्तम टिपण आता चर्चासत्रांच्या निमंत्रणांखाली दडून गेले आहे. गटात नंतर आलेल्यांना तर ते दिसतही नाही.

म्हणून प्रश्नोत्तरांसाठी स्वतंत्र व्यासपीठ असावे, असे आम्हा काही जणांना वाटते. टेलिग्राम व डिस्कॉर्ड ही गप्पांची ॲप्स, डिस्कोर्स हे चर्चामंचाचे सॉफ्टवेअर, विषयवार गप्पांचे झुलिप आणि साधी मेलिंग लिस्ट (ईमेलवरील चर्चा) अशी नावे पुढे आली आहेत. आमच्याकडे निधी अगदी थोडा आहे, लिनक्सचा सर्व्हर सांभाळू शकणारे दोघेच आहेत, आणि बरेच सदस्य केवळ मोबाइलवरून लिहितात, तेही मराठीत. या परिस्थितीत काय निवडावे?

डेबियन_प्रेमी

आपण नावांवरून सुरुवात करण्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवेन: दिलेले उत्तर सदस्य नसलेल्या माणसाला गुगलवर सापडेल का, सगळी माहिती उद्या दुसरीकडे नेता येईल का, आणि व्यासपीठाच्या चाव्या एकाहून अधिक माणसांकडे असतील का.

पहिल्या कसोटीवर व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्ड दोन्ही बाद होतात, कारण तिथले संभाषण शोधयंत्रांपर्यंत पोहोचत नाही. टेलिग्रामवर नव्या सदस्याला जुने संदेश वाचता येतात, ही सोय खरी. पण तिथेही अनेक प्रश्नांची उत्तरे एकाच प्रवाहात मिसळतात.

दुसऱ्या कसोटीचे महत्त्व गेल्या काही वर्षांत मुक्त स्रोत जगाने चांगलेच अनुभवले आहे. स्लॅक या गटसंवादाच्या सेवेच्या विनामूल्य योजनेत पूर्वी शेवटचे 10,000 संदेश पाहता येत असत. 2022 मध्ये तो नियम बदलून केवळ 90 दिवसांचा इतिहास दिसू लागला आणि अनेक समुदायांची जुनी उत्तरे एका निर्णयाने नजरेआड झाली. फ्रीनोड या आयआरसीच्या (जुन्या पद्धतीच्या लेखी गप्पांच्या) जाळ्यावर असंख्य प्रकल्पांची मदतकेंद्रे होती. 2021 च्या मे महिन्यात नियंत्रणावरून वाद होऊन तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले, लिबेरा चॅट हे नवे जाळे उभे केले, आणि उबुंटूपासून विकिमीडियापर्यंत अनेकांना आपले बस्तान हलवावे लागले. याउलट लिबरऑफिसचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ आधी आस्कबॉट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर होते आणि 2021 मध्ये ते डिस्कोर्सवर गेले. मूळ माहिती समुदायाच्या हाती असल्यामुळे जुने प्रश्न सोबत नेणे शक्य झाले.

माझी शिफारस डिस्कोर्सची आहे. ते स्वतः मुक्त स्रोत आहे, प्रत्येक प्रश्नाला वेगळा धागा आणि कायमचा पत्ता मिळतो, उपयोगी पडलेल्या उत्तरावर खूण करता येते, आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते चांगले चालते. मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय व्यवस्थापनाच्या मुक्त स्रोत प्रणालीचा समुदायही अनेक वर्षे डिस्कोर्सवरच एकमेकांना मदत करत आला आहे. तिथले धागे वाचून पाहिल्यास आपल्याला अंदाज येईल. सर्व्हरला किमान 1 जीबी रॅम लागते, परंतु 2 जीबी असल्यास अद्ययावत करताना त्रास होत नाही. खरी अडचण ईमेलची असते. नोंदणीची पुष्टी आणि सूचना ईमेलनेच जातात, आणि अनेक क्लाउड सेवा ईमेल पाठवण्यासाठी लागणारे 25 क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. त्यामुळे ईमेल पाठवण्याची वेगळी सेवा आधी ठरवावी आणि मगच सर्व्हर घ्यावा.

कोकणातील_ग्रंथपाल

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र व्हॉट्सॲपचा गट बंद करू नये, अशी कळकळीची विनंती. देवघेवीच्या टेबलासमोर विद्यार्थी रांगेत उभे असताना सर्व्हर बंद पडला, तर ग्रंथपाल तिथेच विचारणार. गट तातडीसाठी ठेवावा आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा धागा तयार करण्याची जबाबदारी आठवड्याच्या पाळीने कोणाकडे तरी द्यावी. शिवाय डिस्कोर्समध्ये ईमेलनेच उत्तर देण्याची सोय सुरू करता येते, तीही जरूर करावी. ज्येष्ठ ग्रंथपालांना नवे संकेतस्थळ उघडण्यापेक्षा आलेल्या ईमेलला उत्तर देणे सोपे जाते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गटावर येणाऱ्या स्क्रीनच्या चित्रांत वाचकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, त्यांनी नेलेली पुस्तके असे सगळे दिसते. बंद गटातही ते योग्य नाही. सर्वांना खुल्या जागी तर मुळीच चालणार नाही. तीच गोष्ट कोहाच्या कॉन्फिगरेशनच्या मुख्य फाइलची. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो आणि मदत मागताना लोक ती जशीच्या तशी चिकटवतात. नवा धागा सुरू करण्याच्या चौकटीतच ही सूचना आधीपासून लिहिलेली असावी.

मार्क_एकवीस

झुलिप विचार न करताच सोडून देऊ नये, एवढ्यासाठी लिहितो. तेही मुक्त स्रोत आहे, संदेश विषयांनुसार विभागले जात असल्याने गोंधळ कमी होतो, आणि ठरावीक चॅनेल खाते नसलेल्यांनाही वाचता येतील असे खुले ठेवता येतात. एकत्र बसून काम करणाऱ्या छोट्या चमूसाठी मी तेच निवडीन. परंतु आपल्याकडे प्रश्न विचारणारा वर्षातून दोनदा येतो आणि त्याला तयार उत्तर हवे असते, त्यामुळे इथे डिस्कोर्सच योग्य.

मराठीतील शोधाचा विचार मात्र आताच करावा. ‘पावती’ शोधणाऱ्याला ‘पावत्या’ असे लिहिलेला धागा सापडेलच असे नाही, कारण अनेकवचनात शब्दाचे रूपच बदलते. शीर्षकात त्रुटीचा संदेश पडद्यावर दिसतो तसाच, इंग्रजीत, लिहिण्याची पद्धत ठेवावी आणि वर्णन मराठीत करावे. तसेच कोहाची नवी मुख्य आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, म्हणून आवृत्तीचा टॅग प्रत्येक धाग्याला सक्तीचा असावा. जुन्या आवृत्तीची आज्ञा नव्या सर्व्हरवर चालवली जाणे हे उत्तर न मिळण्याहून अधिक घातक आहे.

प्रणालीतच दोष आढळला, तर तो आपल्या धाग्यात थांबू देऊ नये. कोहाच्या जागतिक समुदायाची मेलिंग लिस्ट आणि बगझिला (दोष नोंदवण्याची जागा) आहे. तिथे इंग्रजीत नोंद करून तिचा क्रमांक आपल्या धाग्यात द्यावा. देवनागरीच्या अडचणी न्यूझीलंड किंवा फ्रान्समधील विकसकांना आपोआप दिसणार नाहीत. त्या आपणच नोंदवल्या पाहिजेत.

ग्रंथपाल_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकाऱ्यांशी बोलून आम्ही डिस्कोर्स निश्चित केले आहे. व्हॉट्सॲपचा गट तातडीसाठी राहील आणि धागे लिहिण्याची पाळी लावली जाईल. डोमेनची नोंदणी कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर न ठेवता तिघांना प्रवेश असलेल्या खात्यावर करू, आणि रोजचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी साठवू. आयसीयूचे ते टिपण मूळ लेखकांकडून मिळाले आहे. त्यांच्या अनुमतीने आणि आवृत्तीच्या टॅगसह तोच पहिला धागा असेल.

‘डेबियन_प्रेमी’ यांना एक विचारायचे आहे: ईमेल पाठवण्याच्या सेवेसाठी महाविद्यालयाचे डोमेन वापरावे, की समुदायाचे स्वतंत्र?

डेबियन_प्रेमी

स्वतंत्रच घ्यावे. महाविद्यालयाच्या डोमेनच्या डीएनएस नोंदी (डोमेनची तांत्रिक माहिती) आपल्या हाती नसतात, आणि त्यांतील एसपीएफ व डीकेआयएम या ईमेल खरोखर आपल्या डोमेनचा असल्याची खात्री देणाऱ्या नोंदी अचूक नसतील तर सूचनांचे ईमेल स्पॅममध्ये जातात. त्या दोन्ही नोंदी आधी करून जीमेलच्या एखाद्या पत्त्यावर चाचणी घ्यावी, आणि मगच सदस्यांना निमंत्रणे पाठवावीत.