'बर्किंग': मराठीत हा शब्द हवा की नको?

शब्दवेडा:
इंग्रजी पेपरात पोलिसांच्या बातमीत 'बर्किंग ऑफ क्राइम' कधी वाचलंय? फिर्यादी दारात उभा, पण गुन्हा नोंदवायचाच नाही, नाहीतर हलका करून नोंदवायचा, ते बर्किंग. इंग्लंडात हा शब्द आता क्वचितच कानावर पडतो, आपल्या पोलिसी इंग्रजीत मात्र तो ठणठणीत आहे. मुळात ते आडनाव. १८२८ साली एडिंबरात विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या जोडगोळीनं १६ माणसं मारली आणि प्रेतं शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सला विकली. भाव साधारण ८ ते १० पौंड. आधी भरपूर दारू पाजायची, मग एकानं अंगावर बसायचं, दुसऱ्यानं नाकतोंड दाबून धरायचं. ना वळ, ना जखम. म्हणून 'बर्क' म्हणजे आधी गुदमरवून मारणं आणि पुढं एखादा प्रश्न किंवा चौकशी गुपचूप संपवणं.

माझं म्हणणं, हा शब्द मराठीत जसाच्या तसा घ्यावा. 'दडपणे'त ती माग न ठेवण्याची सफाई येत नाही.

खवट:
कशाला? 'प्रकरण दाबलं' म्हटलं की पारावरच्या आजोबांनाही कळतं. 'बर्किंग' म्हटलं तर विचारतील, कुत्रं कोणाचं भुंकतंय? दाबणे, दडपणे, गिळणे, पचवणे, जिरवणे... या एका बाबतीत तरी मराठी गरीब नाही हो.

सायली_क:
अगंबाई! मी इतकी वर्षं हा वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा एडमंड बर्क समजत होते. लांबलचक भाषणांनी सभा गुदमरली असेल, असा माझा तर्क. :)

शब्दवेडा:
सायली, तो बिचारा १७९७ सालीच वारला.
खवटराव, दाबायला आधी प्रकरण लागतं. इथं कागदच जन्माला येत नाही. गेल्या वर्षी बसमध्ये चढताना माझा मोबाइल मारला. पोलीस ठाण्यात तासभर बसवलं आणि हातात दिला 'गहाळ' झाल्याचा दाखला. "अहो, चोरीला गेलाय," म्हटलं तर ठाणे अंमलदार म्हणतात, "नवीन सिम घ्यायला एवढं पुरतं की!" म्हणजे चोर नाहीच, मीच वेंधळा. सांगा, कुठं दिसतोय वळ?

खवट:
मग 'चोरी गहाळ केली' म्हणा! झाला शब्द, तोही तुमच्याच दाखल्यातला.

काळा कोट:
कायद्यापुरतं सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की तो नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. तरी गहाळचे दाखले फाटतातच.

पण शब्दवेडे, तुमच्या या लाडक्या शब्दावर माझा आक्षेप वेगळा आहे. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. नॉक्सवर खटलाच झाला नाही. २८ जानेवारी १८२९ ला फासावर गेला एकटा बर्क. त्याच्याच प्रेताची चिरफाड झाली, सांगाडा अजून एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. गिऱ्हाईक होतं म्हणून माल येत होता ना? अंमलदाराला कागद न करण्याची हौस नसते. गुन्ह्यांचा आकडा चढला की वरून विचारणा होते, म्हणून तो टाळतो. कमी आकडा मागणारा तो नॉक्स, आणि शब्दात नाव मात्र बर्कचं. शब्दानंच निम्मी चौकशी बर्क केली की!

शब्दवेडा:
हा मुद्दा मला सुचला नव्हता. तरी 'दाबणे' मला पुरत नाही ते नाहीच.

खवट:
आता 'नॉक्सिंग' आणू नका म्हणजे मिळवली. 'गहाळ केली'चं काय ते बोला.

सायली_क:
मी तर वापरायला लागले. आमच्या सोसायटीच्या सभेतला माझा पार्किंगचा ठराव सेक्रेटरींनी काल गहाळ केला. इतिवृत्तात नावच नाही त्याचं.