मोनोक्रोम कॅमेऱ्यावर लाल फिल्टर लावला, आकाश काळं व्हायच्या ऐवजी पांढरंफटक येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच महिने पैसे साठवून शेवटी मोनोक्रोम सेन्सरवाला कॅमेरा घेतला, म्हणजे ज्यात सेन्सरवर रंगांची जाळी नसतेच तो. फिल्मच्या काळातला एक लाल २५ नंबरचा फिल्टर पडून होता (निळा प्रकाश अडवून आकाश गडद करतो तो), म्हटलं आता ह्याचे दिवस आले. निळं आकाश, पांढरे ढग, भर दुपार, डोक्यात एकदम नाट्यमय फोटो, आणि आलं काय तर आकाश पांढरं, ढग गायब आणि सगळं थोडं मऊमऊ, शार्प नाहीच. रॉ फाईल (सेन्सरची कच्ची नोंद) उघडून हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढले तर नुसता राखाडी पट्टा. रंगीत कॅमेऱ्यात निळी पट्टी खाली ओढली की आकाश गडद व्हायचं, इथे ती पट्टीच नाहीये त्यामुळे फिल्टरशिवाय पर्याय नाही हे कळतंय. सेटिंग: आयएसओ २००, एफ ८, शटर १/१३ सेकंद, लेन्स ३५ मिमी, हातात धरून. फिल्टर जुना असल्याने उतरलाय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा (कमीच टाका, आधीच जास्त झालाय).

प्रतिसाद १:
फिल्टर बिचाऱ्याचा दोष नसावा. मऊपणाबद्दल बोलतो, तुमचा कॅमेरा रेंजफाइंडर आहे का? तसं असेल तर फोकस तुम्ही वेगळ्या खिडकीतून करता, तिथे फिल्टर नसतो आणि बऱ्याच लेन्समध्ये लाल प्रकाश जरा वेगळ्या ठिकाणी फोकस होतो. एफ २ वगैरेला हे चांगलंच जाणवतं. लाईव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, फिल्टर लावलेला ठेवून फोकस करून बघा.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे पण एफ ८ ला ३५ मिमीवर लांबच्या दृश्यात तो फरक दिसू नये. मला तर शटर स्पीड खटकतोय. कडक उन्हात आयएसओ २०० आणि एफ ८ म्हणजे साधारण १/८०० यायला हवा, लाल २५ तीन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) म्हणजे १/१००. तुमचा १/१३ आहे, म्हणजे अजून तीन स्टॉप जास्त. खरं सांगा, प्लस तीन कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा मुद्दाम तीन स्टॉप जास्त, लावलं होतं ना?

मूळ धागाकर्ता:
हो 😬 फिल्टरच्या डबीवर ८x (आठपट प्रकाश द्या, म्हणजे तीन स्टॉप) लिहिलंय, म्हणून डायल प्लस तीनवर नेला.

प्रतिसाद २:
मग मिळाला चोर. तो ८x हातात वेगळा मीटर घेऊन मोजणाऱ्यांसाठी. तुमचा कॅमेरा लेन्समधून आलेला प्रकाशच मोजतो, म्हणजे फिल्टरने खाल्लेलं त्याने आधीच भरून काढलं होतं, त्यावर तुम्ही परत तीन स्टॉप दिले. आकाश जळालं ते त्याने, आणि मऊपणा म्हणजे १/१३ ला हात हलला, बाकी काही नाही. आणि मोनोक्रोममध्ये हायलाइट गेला की गेलाच. रंगीत सेन्सरवर लाल, हिरवा, निळा यातला एक चॅनल जळला तरी उरलेल्या दोघांकडून उसनवारी करून सॉफ्टवेअर काहीतरी उभं करतं, इथे एकच चॅनल, उसनं मागणार कोणाकडे. त्यामुळे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून उलट थोडं कमीच एक्स्पोज करा, सावल्या उचलल्या तरी हे सेन्सर कुरकुरत नाहीत.

प्रतिसाद ३:
अजून एक, क्षितिजाजवळ आकाश तसंही दुधाळ असतं, त्यात निळा कमी, तिथे लाल फिल्टर फारसं काही करत नाही. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवून जरा वरचं आकाश धरा. आणि हाच फिल्टर रंगीत कॅमेऱ्यावर लावून नंतर ब्लॅक अँड व्हाइट करू नका, तिथे चारातला एकच पिक्सेल लाल असतो, बाकीचे जवळजवळ उपाशी.

मूळ धागाकर्ता:
अपडेट. कॉम्पेन्सेशन शून्यावर, मग हिस्टोग्राम बघून उणे ०.७, शटर १/१६० आला आणि काय सांगू, ढग अक्षरशः बाहेर आलेत. शार्पही आहे. फक्त झाडं काळी ठिक्कर आणि सावल्यांमध्येही काहीच दिसत नाहीये.

प्रतिसाद ३:
ते होणारच. पानं हिरवी, लाल फिल्टर हिरवा अडवतो. सावलीत ऊन पोचत नाही, तिथला उजेड निळ्या आकाशाकडून येतो, तोही अडला. झाडं असतील तर पिवळा ८ नंबर लावा, एकच स्टॉप जातो आणि आकाश पुरेसं गडद होतं. मी स्वतः दहातले आठ फोटो पिवळ्यावरच काढतो, लाल म्हणजे फोडणीत मिरची जास्त पडल्यासारखं होतं, एखाददुसऱ्या वेळी बरं वाटतं. मधला हवा तर नारिंगी २१, दोन स्टॉप.

मूळ धागाकर्ता:
पिवळा बघतो. पण आता हा लाल लेन्सवरून निघतच नाहीये, घट्ट बसलाय 🤦

प्रतिसाद १:
दोन बोटांनी दाबून फिरवू नका, रिंग चेपली की अजून आवळते. कडेला रुंद रबर बँड गुंडाळा आणि सगळीकडून हलक्या हाताने धरून फिरवा.

मूळ धागाकर्ता:
निघाला!! धन्यवाद मंडळी.