अपक्ष मामा पडले, डिपॉझिटही गेलं. तरी निवडणूक खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो का?

माणदेशी_पोरगी | 8 डिसेंबर 2024

नमस्कार मंडळी. माझे मामा सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातले डाळिंबवाले शेतकरी. पाण्यावर कुणी धड बोलत नाही म्हणून यंदा विधानसभेला अपक्ष उभे राहिले. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, 612 मतं पडली, डिपॉझिटचे 10 हजार गेले. घरात आता कुणी विषय काढत नाही, मामी तर नाहीच नाही.

परवा निवडणूक कार्यालयातून फोन आला की खर्चाचा हिशोब अजून आलेला नाही. मामा म्हणतात, "पडलेल्या माणसाला कोण हिशोब विचारतंय?" पण मी बी.कॉम. झालेय म्हणून बिलांची पिशवी माझ्यापुढे आणून ठेवलीय. तिच्यात छापखान्याचं 14,200 चं बिल आहे, ते चेकने दिलंय. मंडपवाल्याच्या दोन पावत्या आहेत, 7,000 आणि 6,500, दोन्ही रोख. भोंग्याच्या रिक्षाची कच्ची पावती आहे. चहाचं सगळं हॉटेलवाल्याच्या वहीत. मावसभावाची बोलेरो 12 दिवस प्रचारात फिरली, त्याने पैसे घेतले नाहीत, डिझेलही स्वतःच टाकलं. मग ती धरायची का? आणि मंडपवाला म्हणतोय, "हवी तशी नवी पावती देतो, आकडा सांगा." काय करू?

जुना_लेखापाल | 8 डिसेंबर 2024

पोरी, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नवी पावती घेऊ नकोस. बाकी सगळं निस्तरता येईल, ते येणार नाही.

मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत 31 वर्षं काढली. 2014 आणि 2019 च्या विधानसभेला मला निवडणुकीच्या लेखा पथकात घेतलं होतं, त्यामुळे अशा पिशव्या भरपूर पाहिल्यात.

हिशोब प्रत्येक उमेदवाराला द्यावा लागतो, मग तो निवडून आलेला असो, पडलेला असो, डिपॉझिट गमावलेला असो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 77: अर्ज भरला त्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, केलेला सगळा खर्च. कलम 78: निकालापासून 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे, तो सादर करायचा. तुमची मुदत 23 डिसेंबर. दिला नाही आणि सबळ कारणही नसलं, तर कलम 10-ए खाली निवडणूक आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवतो. मामा म्हणतील, मला कुठे पुन्हा आमदारकी लढवायचीय. पण राज्यघटनेचं कलम 243-एफ वाचून दाखव त्यांना. विधानसभेला जो अपात्र, तो ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेलाही अपात्र. गावातला पाण्याचा माणूस तीन वर्षं गावातच उभा राहू शकणार नाही.

आता पिशवी.

मंडपाचे दोन्ही मिळून 13,500 होतात. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून 10 हजारांपर्यंतच रोख देता येतं, तेही निवडणुकीसाठी उघडलेल्या खात्यातून काढून. 2018 च्या आधी ही मर्यादा 20 हजार होती, जुन्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात अजून तीच असते. म्हणजे इथे चूक झालीय. ती जशी आहे तशी लिही, दोन्ही पावत्या लाव आणि सोबत साध्या कागदावर मामांच्या सहीने खुलासा जोड की दुसऱ्या वेळी नियम लक्षात आला नाही. दोष कुणाच्याही हिशोबात निघतो. निघाला तर नोटीस येते, उत्तराला 20 दिवस मिळतात. पण खोटी पावती निघाली तर खुलासा कशाचा करणार?

बोलेरो धरायची. फुकट मिळाली तरी ती मावसभावाने वस्तुरूपात दिलेली मदत आहे. जिल्ह्याची दरसूची कार्यालयात मिळेल, तिच्यात गाडीचं रोजचं भाडं असतं. त्या दराने 12 दिवस लावायचे आणि मदत करणाऱ्याचं नाव लिहायचं. चहाही त्याच सूचीतल्या दराशी ताडून बघ.

अर्ज भरताना दिलेली नोंदवही शोध. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. रोज लिहायची असते, पण आता उरलेलं तरी तारीखवार भर. शेवटी गोषवारा आणि शपथपत्र. साधारण 26 व्या दिवशी ताळमेळ बैठक असते, तिथे तुमची वही आणि पथकाचं शॅडो रजिस्टर, म्हणजे पथकाने तुमच्या खर्चाची स्वतः ठेवलेली नोंद, समोरासमोर ठेवतात. त्या बैठकीला जा. फरक निघाला तर तिथेच मिटवता येतो.

एक आठवण सांगतो. 2019 ला आमच्याकडे एक भाजी विकणाऱ्या बाई अपक्ष होत्या. छापील नोंदवहीतले रकाने समजेनात म्हणून त्यांनी मुलीच्या शाळेच्या वहीत सगळं लिहून आणलं होतं. सुतळी, खळ, पोराला दिलेला वडापाव. मी बेरीज मारली तर त्यांचा खर्च आमच्या शॅडो रजिस्टरपेक्षा 900 रुपयांनी जास्त. पथकाला जे दिसलंच नव्हतं तेही बाईंनी लिहिलं होतं. मी विचारलं, हे का लिहिलंत? म्हणाल्या, "खर्च झालाय ना साहेब?" रात्री त्यांच्यासोबत बसून मी ते सगळं छापील वहीत उतरवून दिलं. नोकरीत मी कोट्यवधींचे हिशोब तपासले, पण मनात ती शाळेची वही राहिली.

भीमाकाठचा | 9 डिसेंबर 2024

लेखापाल साहेब, तुमचं पटतं, पण पोटात आग होते. या पोरीने चहाचे कप मोजायचे आणि मोठ्यांच्या सभेला हेलिकॉप्टर उतरतं, त्याचं काय? महाराष्ट्रात आमदारकीला 40 लाखांची मर्यादा. आमच्या तालुक्यात शेंबड्या पोराला तरी हे खरं वाटेल का? माझ्या मते हिशोब-बिशोब सोडून द्या, हा कायदा गरिबालाच पकडतो.

तालुका_वकील | 9 डिसेंबर 2024

भीमाकाठचे, तुमच्या आगीला इतिहास आहे.

1971 च्या लोकसभेत दिल्लीच्या सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. पडलेले उमेदवार कंवरलाल गुप्तांनी त्यांच्या खर्चावरून याचिका केली. ऑक्टोबर 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवतींनी निकाल दिला की पक्षाने उमेदवाराच्या संमतीने त्याच्यासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. निवडणूक रद्द झाली. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला आणि कलम 77 ला स्पष्टीकरण जोडलं: पक्षाने किंवा इतरांनी केलेला खर्च उमेदवाराचा नाही. पुढे तो कायदाच झाला. मर्यादा कागदावर राहिली, पण तिच्या बुडाला भोक पडलं.

2003 च्या दुरुस्तीने ते भोक बरंच लहान केलं. आता सवलत आहे ती मुख्यतः स्टार प्रचारकांच्या प्रवासाला. मान्यताप्राप्त पक्षाला अशी 40 नावं देता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्याला 20. हेलिकॉप्टर त्यात बसतं. मात्र त्याच सभेत उमेदवार व्यासपीठावर असेल तर मंडप-खुर्च्यांचा त्याचा वाटा त्याच्या खात्यात लागतो. अपक्षाला अशी यादीच नसते. मामा ज्या गाडीने फिरले तिचा पैसा न पैसा त्यांच्याच डोक्यावर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला आपल्या देशात मर्यादाच नाही. विधानसभेनंतर 75 दिवसांत पक्षाने आयोगाला खर्चाचं विवरण द्यायचं, एवढंच. देणगीचंही तसंच. मामांना मावसभावाचं नाव लिहावं लागतं. पक्षाला मात्र एका देणगीदाराकडून वर्षात 20 हजारांहून जास्त आले तरच नाव कळवायचं बंधन आहे.

इलेक्टोरल बाँडमध्ये, म्हणजे पक्षांना देणगी द्यायच्या बँकेच्या रोख्यांमध्ये, तर कोट्यवधी देणाऱ्याचं नावही झाकलं होतं. ते 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींनी घटनाबाह्य ठरवले, आणि कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा उठवणारी 2017 ची दुरुस्तीही रद्द केली. हा धोका आपल्या मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी 1957 मध्येच सांगितला होता. टाटा स्टीलने पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनापत्रात (मेमोरँडममध्ये) बदल मागितला. छागलांनी कायद्याने परवानगी दिली, पण त्याच निकालात लिहून ठेवलं की ही गोष्ट वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकते.

पण "हिशोब सोडून द्या" हा सल्ला कृपा करून देऊ नका. भोकरच्या 2009 च्या निवडणुकीच्या, म्हणजे अशोक चव्हाणांच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 ला ठरवलं की हिशोब वेळेत आला एवढंच नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. हे हत्यार मोठ्यांवरही चालतं. फक्त ते उचलायला कुणीतरी कागद मागावे लागतात.

स्लाव_चा_सातारकर | 10 डिसेंबर 2024

इंग्लंडमधून लिहितोय. इथे उमेदवाराच्या खर्चाला 1883 पासून मर्यादा आहे, आणि 2000 च्या कायद्याने पक्षालाही घातली. नोव्हेंबर 2023 पासून लढवलेल्या प्रत्येक जागेमागे 54,010 पौंड, आणि खर्चाची मोजणी मतदानाआधीचे 365 दिवस. इथल्या पक्षांचीही लफडी निघतात, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालता येतच नाही असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

जुना_लेखापाल | 10 डिसेंबर 2024

वकीलसाहेब कागद मागण्याबद्दल बोलले, त्याला जोडतो. निवडणूक नियम 1961, नियम 88: कुणीही 1 रुपया फी भरून कुठल्याही उमेदवाराचा हिशोब बघू शकतो, ठरलेली फी भरून साक्षांकित नक्कलही घेऊ शकतो. दहा वर्षांत माझ्यासमोर असा रुपया भरायला दोन माणसं आली. भीमाकाठचे, तुमच्या तालुक्यातल्या ज्यांच्यावर राग आहे त्यांची वही बघून या. कोणत्या सभेच्या किती खुर्च्या दाखवल्यात ते बघा. तुम्ही त्या सभेत होतात.

माणदेशी_पोरगी | 20 डिसेंबर 2024

मंडळी, काल बैठक झाली. मामा स्वतः आले, पांढरा सदरा घालून. एकूण खर्च 1,31,850 निघाला. आमची बोलेरो 12 दिवस होती, त्यांच्या शॅडो रजिस्टरला 9 दिवसच. साहेब म्हणाले, आमच्याकडे 9 आहेत. मामा म्हणाले, "12 होते, 12 लिहा." मंडपाचा खुलासा घेतला, त्यावर नोटीस येऊ शकते असं सांगितलं. शपथपत्र झालं, पोचपावती घेतली.

बाहेर आल्यावर मामांनी खिशातून 5 रुपयांचं नाणं काढलं आणि मला म्हणाले, पाच जणांच्या वह्या बघायच्यात, अर्ज कसा लिहायचा ते त्या लेखापालांना विचार. तर काका, अर्ज कसा लिहायचा?