कानमुशीची पिल्लं जिवंत सोडायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मालवणला आमची छोटी होडी आहे, काका आणि चुलतभाऊ मासेमारी करतात. गेल्या आठवड्यात जाळ्यात हातभर लांबीची सात-आठ कानमुशीची पिल्लं आली (कानमुशी म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क मासा). बरीचशी वर ओढेपर्यंतच मेली होती. कानमुशीला श्वास घ्यायला सतत पोहत राहावं लागतं, जाळ्यात अडकली की कल्ल्यांतून पाणीच फिरत नाही. मादी पिल्लं पोटात जवळजवळ वर्षभर वाढवते आणि तिला स्वतःला वयात यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून ती मेलेली पिल्लं बघून माझा जीव कळवळला. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं यातल्या एका जातीला 'अतिसंकटग्रस्त' म्हटलंय.

काका सोडायला तयार आहेत, पण कसं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. जिवंत पिल्लू हातात आलं तर धरायचं कुठे? शेपटीला धरून उचलावं का? जाळं किती वेळाने तपासलं तर जगण्याची शक्यता वाढते? कुणी प्रत्यक्ष सोडली असतील तर त्यांचा अनुभव मला सगळ्यात मोलाचा.

आणखी एक. व्हेल शार्क 2001 पासून कायद्याने संरक्षित आहे, आणि असे संरक्षित जीव जाळं कापून सोडले तर आपल्या राज्यात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो, व्हिडिओ नेमके कसे काढायचे? अर्ज केलेल्या कुणी सांगाल का? काकांना दाखवायचंय.