कॅव्हेट : कोर्टातलं आणि अहवालातलं

प्रश्न : दिवाणी दावा आमच्या बाजूने लागला. समोरचे अपिलात जातील म्हणून वकीलसाहेब म्हणाले, 'कॅव्हेट टाकून ठेवू.' ऑफिसच्या इंग्रजी अहवालातही 'विथ वन कॅव्हेट' वाचलं. शब्द एकच का? आणि कॅव्हेट टाकल्यावर समोरच्यांना स्थगिती मिळणार नाही ना?

उत्तर : शब्द एकच. मूळ लॅटिन, 'त्याने सावध असावे' असा अर्थ. पण स्थगितीचं आधी सांगतो, कारण या गैरसमजापायी लोक गाफील राहतात. कॅव्हेटने स्थगिती अडत नाही. कॅव्हेट म्हणजे 'आम्हाला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका' अशी कोर्टात आगाऊ केलेली नोंद. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आलं. समोरच्याने अर्ज केला की न्यायालय तुम्हाला नोटीस काढतं आणि तुम्हाला हजर राहून बाजू मांडता येते. एकतर्फी हुकूम टळतो, एवढंच. दोघांचं ऐकून स्थगिती मिळूही शकते. शिवाय कॅव्हेटची नोटीस तुम्हीच समोरच्याला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायची. मुदत ९० दिवस. तोवर अर्ज आला नाही तर नवं दाखल करावं लागतं. तारीख डायरीत मांडून ठेवा, वकिलांवर सोडू नका.

मृत्युपत्राच्या प्रोबेटविरुद्धही (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या मान्यतेविरुद्ध) कॅव्हेट टाकता येतं, पण ते १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली.

दुसरं उत्तर : मी अनुवाद करते, म्हणून अहवालातल्या कॅव्हेटबद्दल. बरेच जण 'इशारा' लिहितात, ते मला अजिबात पटत नाही. इशाऱ्यात धोका असतो, इथे विधानाची मर्यादा असते. 'औषध गुणकारी ठरलं, मात्र चाचणीत गरोदर स्त्रिया नव्हत्या.' यातला 'मात्र'पासूनचा भाग म्हणजे कॅव्हेट. 'अट'ही चुकीचं, कारण अट पाळायची असते आणि हे ध्यानात ठेवायचं असतं. बहुतेक वेळा नुसत्या 'मात्र'ने काम भागतं.

व्यापारात 'कॅव्हेट एम्प्टर' येतं : घेणाऱ्याने पारखून घ्यावं. १९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ याच तत्त्वावर आहे, पण वस्तू कशासाठी हवी ते सांगून, त्या मालाचा धंदा करणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतली तर जबाबदारी सहसा त्याच्यावर येते.

तिसरं उत्तर : अमेरिकेत पूर्वी पेटंटचंही कॅव्हेट असे, म्हणजे अपुऱ्या शोधाची आगाऊ नोंद. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी टेलिफोनसाठी ग्रॅहम बेलचा अर्ज आणि दुसरा संशोधक एलिशा ग्रेचं कॅव्हेट एकाच दिवशी पोचलं. आधी कोण, हा वाद अजून चालतो.

प्रश्नकर्ता : आभार. मग निकाल दिलेल्या कोर्टातच टाकायचं?

उत्तर : नाही. जिथे अपील होऊ शकतं तिथे.